सिग्नलला ऑफसेट देताना पिन उडते, वेव्ह कापली जाते : तपासणी कुठून सुरू करायची

फंक्शन जनरेटर म्हणजे हव्या त्या आकाराची वेव्ह तयार करणारं यंत्र. त्याचा सिग्नल शून्याच्या वरखाली हलतो आणि मायक्रोकंट्रोलरच्या (प्रोग्रॅम घालता येणाऱ्या छोट्या चिपच्या) अ‍ॅनालॉग पिनला शून्याखालचं काहीच चालत नाही. म्हणून त्या सिग्नलमध्ये स्थिर डीसी व्होल्टेज मिसळून तो अख्खा वर उचलायचा, याला ऑफसेट देणं म्हणतात. सोलापुरात मी लूमची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करतो. सेन्सर न जोडता कार्ड तपासायचं तर सेन्सरसारखा सिग्नल जनरेटरनं द्यावा लागतो, त्यामुळे हे काम माझ्या टेबलावर रोजचंच. प्रोजेक्टच्या दिवसांत डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगची मुलंही बोर्ड घेऊन येतात. बहुतेकांची तक्रार एकच असते: ऑफसेट द्यायला गेलो आणि पिन उडाली, म्हणजे जळून निकामी झाली. कारणंही फिरून फिरून तीच निघतात. मी ज्या क्रमानं बघतो, आधी फुकटातलं आणि मग खर्चाचं, त्याच क्रमानं इथे लिहितो.

लक्षणं

सगळ्यात आधी एक खूण. जनरेटरच्या किंवा स्कोपच्या (वेव्ह पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राच्या) लोखंडी बॉडीला, बीएनसीच्या (सिग्नलच्या गोल सॉकेटच्या) बाहेरच्या कड्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर खालचं काहीही करू नका. प्लग काढा आणि थेट अर्थिंगचा भाग वाचा.

बाकीची लक्षणं अशी दिसतात:

- रीडिंग ० ला किंवा १०२३ ला (उनोवर ० ते ५ व्होल्ट ० ते १०२३ असे मोजले जातात) चिकटून बसतं, मध्ये थांबतच नाही.
- स्कोपवर वेव्हचा खालचा अर्धा भाग सपाट कापलेला.
- वरचा माथा साधारण साडेतीन व्होल्टला सपाट झालेला.
- जनरेटरवर अडीच व्होल्ट लावलेत, पिनजवळ पाच मिळतात.
- फ्रिक्वेन्सी कमी केली की वेव्ह लहान होते, स्क्वेअर वेव्हचा सपाट माथा तिरका उतरतो.
- सकाळी नीट चालणारं सर्किट दुपारी सरकलेलं रीडिंग देतं.
- बोर्डाची यूएसबी केबल काढली तरी बोर्डावरचा एलईडी मंद पेटलेला राहतो.
- सिग्नलची रेघ जाड, केसाळ दिसते आणि त्यात ५० हर्ट्झची लाट असते.

एलईडी मंद पेटण्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. त्याचा अर्थ असा की सिग्नल पिनमधून, चिपच्या आतल्या संरक्षक डायोडमधून घुसून अख्ख्या बोर्डाला वीज पुरवतो आहे. तो डायोड अशा कामासाठी बनवलेला नसतो. अशा वेळी आधी जनरेटरचं आउटपुट बंद करा.

पहिलं काम: पिनची वायर काढा

पिन मोकळी करा आणि जनरेटरच्या वायरच्या टोकाला फक्त एक १० किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडशी (शून्य व्होल्टच्या वायरशी) लावा. ज्या टोकाला चिप नाही तिथे काही उडत नाही, त्यामुळे पुढची सगळी मापं इथेच घ्यायची. अर्डुइनो उनो या शिकाऊ बोर्डावरची एटमेगा३२८पी चिप घेतली तर तिच्या पिनची कमाल मर्यादा शून्याच्या खाली अर्धा व्होल्ट आणि सप्लायच्या वर अर्धा व्होल्ट एवढीच आहे. ही मर्यादा ‘यापुढे इजा होऊ शकते’ अशी आहे, ‘इथपर्यंत रोज चालवा’ अशी नाही. जनरेटर मात्र उघड्या टोकाला सहज उणे १० ते अधिक १० व्होल्ट देऊ शकतो. या दोन आकड्यांमधलं अंतर बघितलं की आधी मोजायचं आणि मग जोडायचं यावर मी एवढा का अडून बसतो ते कळेल.

मीटर डीसीवर, स्कोपही डीसीवर

साधा मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून मोजा. साइन, ट्रँगल किंवा निम्मा वेळ वर निम्मा वेळ खाली असणारी स्क्वेअर वेव्ह असेल तर मीटर जे दाखवतो तोच ऑफसेट, कारण मीटर सरासरी दाखवतो. एसी रेंजवर टाकलेला मीटर ऑफसेटविषयी काहीच सांगत नाही, आणि स्वस्त मीटरची एसी रेंज काहीशे हर्ट्झच्या पुढे भरवशाची राहत नाही.

स्कोप असेल तर चॅनलचं कपलिंग बघा. ते एसीवर असेल तर स्कोप ऑफसेट स्वतःच गाळून टाकतो आणि वेव्ह कायम मधल्या रेघेवर दाखवतो. मग जनरेटरचा नॉब कितीही फिरवा, पडद्यावर फरक नाही. ‘ऑफसेट चालत नाही’ म्हणून आलेल्या तक्रारींतला मोठा हिस्सा या एका बटणापाशी संपतो. वाईट हे की पडद्यावर काही हलत नाही म्हणून माणूस नॉब आणखी फिरवतो, आणि तिकडे पिनवर सात-आठ व्होल्ट जाऊन बसलेले असतात. त्याच वेळी प्रोबवरचा एक पट, दहा पट हा स्विच आणि स्कोपच्या मेनूतलं सेटिंग जुळतं का तेही बघून घ्या. जुळत नसेल तर आकडे दहापट चुकतात.

स्कोप नाही? जनरेटरची फ्रिक्वेन्सी ०.१ हर्ट्झवर आणा. एक फेरा दहा सेकंदांचा होतो आणि मीटरचा आकडा डोळ्यांसमोर हळूहळू वर जातो, खाली येतो. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा लिहून घ्या. पिनला नेमकं काय मिळणार ते कळलं. मध्ये कपॅसिटर असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही, कारण इतका हळू बदल तो अडवतो.

जनरेटरवरचा आकडा आणि टोकावरचं व्होल्टेज

ही तपासणी फुकट आहे आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त पिना यानंच घालवल्यात. ‘सर, जनरेटरवर तर अडीचच दाखवतंय!’ असं मुलं म्हणतात, आणि ती खरंच बोलत असतात.

जनरेटरच्या आत सिग्नलच्या वाटेत ५० ओहमचा रेझिस्टर असतो. समोरही ५० ओहमचं लोड असेल तर व्होल्टेज दोघांत निम्मं वाटलं जातं. अनेक डिजिटल जनरेटर हे वाटप गृहीत धरून आकडा दाखवतात: ‘तुमच्या लोडवर अडीच व्होल्ट पडतील.’ त्यासाठी आत ते पाच तयार करतात. पण मायक्रोकंट्रोलरची पिन म्हणजे ५० ओहम नाही, ती जवळजवळ उघडं टोकच. वाटप होतच नाही, आणि पिनवर पूर्ण पाच पडतात. ऑफसेट अडीच आणि वेव्ह शिखर ते शिखर पाच व्होल्ट अशी लावली, तर मनात ० ते ५ असतं आणि टोकावर ० ते १० मिळतं.

उपाय मेनूतच आहे. आउटपुट किंवा चॅनलच्या सेटिंगमध्ये लोड ५० ओहमवरून हाय-झेड (म्हणजे उघडं टोक) करा. एवढ्यानं आतलं व्होल्टेज बदलत नाही, फक्त पडद्यावरचा आकडा खरा होतो, म्हणून सेटिंग बदलल्यावर ऑफसेट आणि उंची पुन्हा लावायला विसरू नका. काही जनरेटर बंद करून चालू केले की परत ५० ओहमवर जातात, तेव्हा रोज सकाळी हे बघणं आलंच. जुन्या नॉबवाल्या जनरेटरवर असलं सेटिंग नसतं. तिथे डायलवर विश्वास ठेवायचाच नाही, टोकावर मोजायचं.

जुन्या जनरेटरच्या आणखी दोन खुब्या आहेत. बऱ्याच मॉडेलमध्ये ऑफसेटचा नॉब बाहेर ओढल्याशिवाय लागू होत नाही. आत दाबलेला असेल तर कितीही फिरवा, ऑफसेट शून्यच. आणि २० डीबी अ‍ॅटेन्युएटरचं बटण दाबलेलं असेल तर व्होल्टेज दहा पट घटतं, पुष्कळ मॉडेलमध्ये ऑफसेटसकट. ते बटण दाबलेलं असताना नॉब शेवटपर्यंत फिरवून ठेवला आणि नंतर कुणी सहज बटण सोडलं, तर एका क्षणात दहापट ऑफसेट पिनवर आला म्हणून समजा.

जनरेटरला मर्यादाही आहे. ऑफसेट आणि वेव्हचं शिखर यांची बेरीज त्याच्या कमाल व्होल्टेजच्या पुढे गेली की माथा जनरेटरमध्येच कापला जातो. पिन मोकळी असतानाही वेव्ह कापलेली दिसली तर तुमच्या सर्किटला दोष देऊ नका.

लावण्याचा क्रमही महत्त्वाचा. आउटपुट बंद, लोड हाय-झेड, वेव्हची उंची सर्वांत कमी, मग ऑफसेट, मग मीटरनं खात्री, आणि शेवटी उंची हळूहळू वाढवायची. उलट केलं, म्हणजे आधी पाच व्होल्टची वेव्ह लावली आणि ऑफसेट नंतर दिला, तर तेवढा वेळ पिनला उणे अडीच व्होल्ट मिळत राहतात.

सिग्नल कुठल्या यंत्रातून येतो?

सगळ्यांकडे बेंचवरचा जनरेटर नसतो. स्वस्त किट आणि मॉड्यूलची प्रत्येकाची वेगळी गोम आहे.

एक्सआर२२०६ या वेव्ह बनवणाऱ्या आयसीचं किट १२ व्होल्टवर चालवलं तर त्याची साइन वेव्ह शून्याभोवती नसतेच. ती सप्लायच्या साधारण निम्म्यावर, म्हणजे ६ व्होल्टच्या आसपास बसलेली असते. ऑफसेट द्यायचा बाजूलाच, आधी असलेला काढावा लागतो. ते आउटपुट सरळ ५ व्होल्टच्या पिनला लावलं तर वेव्ह कितीही छोटी असली तरी पिन जाणार.

एडी९८३३ मॉड्यूलची तऱ्हा उलटी. त्याची साइन आणि ट्रँगल साधारण ०.६ व्होल्टची आणि पूर्णपणे शून्याच्या वर असते. ती सुरक्षित आहे, फक्त छोटी आहे. पण प्रोग्रॅममधून स्क्वेअर वेव्ह निवडली की आउटपुट एकदम ० ते पूर्ण सप्लाय एवढं उडी मारतं. मॉड्यूल ५ व्होल्टवर आणि समोर ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरची ३.३ व्होल्टची पिन असेल तर एका ओळीच्या कोडनं पिन धोक्यात येते. साइनसाठी पुढे दहा पट वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर लावला असेल, तर विचार करायलाच नको.

मोबाइलच्या किंवा कॉम्प्युटरच्या हेडफोन जॅकमधून सिग्नल काढणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की ऑडिओ आउटपुट सहसा डीसी पोचवत नाही. अ‍ॅपमध्ये ऑफसेट लावता येत असला तरी तो जॅकपर्यंत येत नाही. तिथे ऑफसेट बाहेरच द्यावा लागतो.

ग्राउंड आणि अर्थिंग

इथे घाई करू नका. पिनेपेक्षा मोठं नुकसान इथेच होतं.

बेंचवरच्या जनरेटरच्या बीएनसीचं बाहेरचं कडं बहुतेक वेळा थेट तीन पिनी प्लगच्या अर्थला जोडलेलं असतं. स्कोपचंही तसंच. हे न कळल्यामुळे लोक एक उपाय करतात: ऑफसेट हवा म्हणून जनरेटरचं ग्राउंड पॉवर सप्लायच्या प्लसला लावायचं, म्हणजे सिग्नल आपोआप तेवढा वर उचलला जाईल. सप्लायचा मायनस अर्थला जोडलेला असेल किंवा स्कोपची ग्राउंड क्लिप सर्किटला लागलेली असेल, तर हा सरळ शॉर्ट आहे. करंट जनरेटरच्या ग्राउंडमधून, अर्थच्या वायरमधून फिरून येतो. मग कुणीतरी सुचवतं की जनरेटरच्या प्लगची अर्थ पिन काढून टाक. ती पिन कधीही काढू नका. यंत्राच्या आत इन्सुलेशन फाटलं तर फेज बॉडीवर येतो, आणि तेव्हा तुमच्या जिवासाठी तेवढी एक वायर असते.

प्लग भिंतीच्या सॉकेटमधून पूर्ण बाहेर काढून एक सोपी तपासणी करा: मीटर ओहमवर ठेवून प्लगची जाड अर्थ पिन आणि बीएनसीचं कडं यांच्यामध्ये मोजा. शून्याच्या जवळ आलं तर यंत्र अर्थला जोडलेलं आहे. काहीच आलं नाही तर ते अधांतरी आहे. दोन पिनी अ‍ॅडॅप्टरवर चालणारे छोटे डिजिटल जनरेटर असे असतात, आणि त्यांची वेगळी तऱ्हा असते. अ‍ॅडॅप्टरमध्ये विजेतला गोंगाट (नॉइज) दाबण्यासाठी बसवलेल्या कपॅसिटरमधून मेन्सची (भिंतीतल्या २३० व्होल्टची) किंचित गळती होते, त्यामुळे अधांतरी बॉडी मेन्सच्या निम्म्याच्या आसपास, शंभर-सव्वाशे व्होल्टवर तरंगते. करंट अगदी कमी असल्यानं माणसाला फक्त मुंग्या येतात. पण चिपच्या पिनला तेवढं पुरतं. सिग्नलची वायर आधी लागली आणि ग्राउंड नंतर, तर तो सगळा दणका पिनमधून जातो.

म्हणून क्रम पाळा: आधी ग्राउंडला ग्राउंड, मग अ‍ॅडॅप्टर भिंतीच्या सॉकेटमध्ये, मग सिग्नलची वायर. काढताना उलट, ग्राउंड सर्वांत शेवटी. जनरेटर ५ व्होल्टच्या यूएसबीवर चालत असेल तर पॉवर बँकेवर चालवा, गळतीचा प्रश्नच मिटतो, आणि ५० हर्ट्झची केसाळ लाटही पुष्कळदा तिथेच जाते.

तीन पिनी यंत्र असूनही मुंग्या येत असतील तर दोष बहुधा भिंतीत किंवा एक्स्टेंशन बोर्डात आहे. पुष्कळदा एक्स्टेंशन बोर्डाला तीन भोकं असतात, पण आत अर्थची वायर कुठेच जात नाही. मग त्या पट्टीवरचा जनरेटर, स्कोप आणि कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले राहतात, जमिनीला मात्र नाही, आणि सगळ्यांच्या बॉडी एकत्र तरंगतात. आपल्याकडे उन्हाळ्यात आणखी एक होतं: काळी माती वाळून भेगाळते, अर्थच्या खड्ड्यातली ओल जाते आणि चांगल्या अर्थिंगचाही रेझिस्टन्स वाढतो. इथे तुमचं काम संपलं. परवानाधारक वायरमनला बोलवा, त्याच्याकडून सॉकेटची आणि खड्ड्याची अर्थिंग मोजून घ्या, आणि तोवर टेबल बंद ठेवा. भिंतीतल्या वायरिंगवर विद्यार्थ्यांनी प्रयोग करू नयेत.

ऑफसेट देणारं सर्किट

वरचं सगळं बरोबर निघालं तरच ब्रेडबोर्डकडे बघा.

मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते दोन रेझिस्टरचं सर्किट. सिग्नलकडून एक १० किलोओहम, ५ व्होल्टकडून एक १० किलोओहम, दोन्ही जिथे मिळतात तिथून पिन. तिथलं व्होल्टेज म्हणजे सिग्नल आणि ५ यांची बेरीज भागिले दोन. सिग्नल उणे ५ असताना पिनवर ०, शून्य असताना २.५ आणि अधिक ५ असताना ५. दोन्ही टोकांना थोडी जागा सोडा: साडेचार व्होल्टच्या शिखराचा सिग्नल दिला तर पिन ०.२५ ते ४.७५ च्या आत राहते. कपॅसिटर नाही, त्यामुळे अगदी हळू सिग्नलही नीट पोचतो. चुकून १० व्होल्टचं शिखर आलं, तरी १० किलोओहममुळे पिनमध्ये घुसणारा करंट अर्ध्या मिलिअँपिअरच्याही आत राहतो. पिन वाचते. दीड-दोन रुपयांत एवढं संरक्षण दुसरं कशानं मिळत नाही. फक्त जनरेटरचा स्वतःचा ऑफसेट शून्यावर ठेवा. दोन्हीकडून ऑफसेट दिला की माथा कापला जाणारच.

दोन्ही रेझिस्टर १ मेगओहमचे घेतले तर? एडीसीला (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या चिपमधल्या भागाला) आतला छोटा कपॅसिटर झटपट भरावा लागतो आणि एटमेगाला त्यासाठी १० किलोओहम किंवा त्याहून कमी रेझिस्टन्सचा स्रोत हवा असतो. आपल्या सर्किटचा ५ किलोओहम भरतो, म्हणून ठीक. मेगओहममध्ये रीडिंग डळमळीत येतं आणि शेजारच्या पिनचं व्होल्टेज यात मिसळल्यासारखं दिसतं.

ईएसपी३२ असेल तर ५ च्या जागी ३.३ व्होल्ट घ्या. त्याचा एडीसी दोन्ही टोकांना सरळ राहत नाही. सर्वांत मोठ्या रेंजवर ०.१५ ते २.४५ व्होल्ट हा पट्टा भरवशाचा. या सर्किटचा मध्य १.६५ वर येतो, तेव्हा सिग्नलचं शिखर दीड व्होल्टच्या आसपासच ठेवा.

कपॅसिटरवाली पद्धत, म्हणजे सिग्नल कपॅसिटरमधून आणायचा आणि दोन रेझिस्टरच्या मध्यावर बसवायचा, ही एक्सआर२२०६ सारख्या ठिकाणी लागतेच. फ्रिक्वेन्सी कमी केल्यावर वेव्ह लहान होण्याचं लक्षण इथलं. दोन १० किलोओहम म्हणजे सिग्नलला ५ किलोओहम दिसतात. त्याला १० मायक्रोफॅरड लावला तर सुमारे ३ हर्ट्झच्या खाली सिग्नल गळायला लागतो; ०.१ मायक्रोफॅरड लावला तर ३०० हर्ट्झच्या वरच निभाव. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं प्लस टोक जिकडे डीसी जास्त तिकडे: ६ व्होल्टच्या किटसाठी किटकडे, शून्याभोवतीच्या जनरेटरसाठी पिनकडे.

या पद्धतीत दोन धोके लपलेले आहेत. किट चालू करताच त्याचं आउटपुट ० वरून ६ व्होल्टला उडी मारतं आणि रिकामा कपॅसिटर ती उडी जशीच्या तशी पुढे ढकलतो, २.५ वर बसलेल्या पिनला क्षणभर साडेआठ व्होल्ट दिसतात. दुसरा धोका स्क्वेअर वेव्हच्या रुंदीचा. कपॅसिटर सरासरी मध्यावर आणतो, उंचीचा मध्य नाही. पाच व्होल्टची वेव्ह फक्त १० टक्के वेळ वर असेल, तर तिची सरासरी तळापासून अर्ध्याच व्होल्टवर असते. ती सरासरी २.५ वर बसली की तळ २ व्होल्टला आणि माथा ७ व्होल्टला जातो. जनरेटर बरोबर, ऑफसेट बरोबर, उंची बरोबर, आणि तरी पिन गेली. रुंदी बदलती असेल तर कपॅसिटर वापरूच नका.

संरक्षण म्हणून पिनच्या आधी १ किलोओहम मालिकेत घाला, आणि पिनपासून एक शॉट्की डायोड ५ व्होल्टकडे, एक ग्राउंडकडून पिनकडे. शॉट्की अशासाठी की तो ०.३ व्होल्टच्या आसपासच वाट उघडतो, चिपच्या आतल्या डायोडच्या आधी. पण तापमानाबरोबर त्याची गळती वाढते, आणि मे महिन्यातली सोलापूरची दुपार, वर पत्र्याची शेड म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. दुपारी रीडिंग सरकण्याचं कारण पुष्कळदा हेच. २० मायक्रोअँपिअर गळती धरली तरी ५ किलोओहमवर ०.१ व्होल्टचा फरक पडतो, म्हणजे उनोवर वीसेक आकडे. दुकानात १एन५८१९ पटकन मिळतो, पण तो पॉवरच्या कामाचा आणि जास्त गळणारा. बीएटी८५ सारखा छोटा सिग्नल शॉट्की मागून घ्या.

ऑप-अँप (सिग्नल वाढवणारा किंवा सांभाळणारा आयसी) वापरणाऱ्यांसाठी थोडकं. एलएम३५८ चं आउटपुट सप्लायच्या साधारण दीड व्होल्ट खालीच थांबतं, म्हणून ५ व्होल्टवर माथा साडेतीनला सपाट होतो. तो बिघाड नाही, त्या आयसीचा स्वभावच तसा. ७४१ किंवा टीएल०७२ एकट्या ५ व्होल्टवर वापरूच नका. एमसीपी६००२ दोन्ही टोकांपर्यंत पोचतो. दोन रेझिस्टरच्या सर्किटपुढे तो बफर म्हणून (सिग्नल न बदलता पुढे ढकलायला) लावला की लांब वायरचाही प्रश्न राहत नाही. वेग मात्र बघा: ० ते ५ व्होल्टची २० किलोहर्ट्झची साइन असेल तर आउटपुटला एका मायक्रोसेकंदात ०.३१ व्होल्ट हलावं लागतं. एलएम३५८ तिथे टेकीला येतो आणि साइनची ट्रँगल होते.

पिन आधीच गेली आहे का?

सगळं बरोबर असून रीडिंग चुकतंय तर पिन तपासा. बोर्डाच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये दोन १० किलोओहम मालिकेत लावा आणि मध्यावर मीटर ठेवा. आकडा लिहून घ्या. आता मध्य पिनला जोडा. आकडा दहा मिलिव्होल्टहून जास्त हलला तर पिन करंट खाते आहे, म्हणजे आत इजा झाली आहे. नीट पिनवर रीडिंग ५१२ च्या आसपास यायला हवं. एक पिन गेली असेल तर दुसऱ्या अ‍ॅनालॉग पिनवर काम होईल, पण हाताला चिप गरम लागत असेल तर तो बोर्ड बाजूला ठेवा. गळकी चिप पुढे कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टवर ताण देते.

कुठे थांबायचं

जनरेटरचं टोक मोकळं, वेव्हची उंची सर्वांत कमी, ऑफसेट शून्य, आणि तरी टोकावर सात-आठ व्होल्ट स्थिर दिसतात? त्याचा आउटपुट स्टेज गेला. बहुधा बाहेरून कुणीतरी त्याच्या आउटपुटमध्ये डीसी घातलेला असतो. आत मेन्स आहे. झाकण उघडू नका, सर्व्हिसला द्या.

ज्या सिग्नलचा स्रोत २३० व्होल्टच्या लाइनशी कुठेही थेट जोडलेला आहे, त्याला ऑफसेट देण्याच्या फंदात पडू नका, भले रेझिस्टरनं तो दोन व्होल्टवर आणलेला असो. हाताला, छातीला इलेक्ट्रोड लावून केलेले प्रोजेक्ट मेन्सवरच्या जनरेटरला किंवा स्कोपला जोडू नका. मार्गदर्शक शिक्षक समोर असल्याशिवाय असलं काही चालू करायचं नाही.

अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतून एक विचारणा नेहमी येते: मोटरच्या ड्राइव्हला ० ते १० व्होल्टचा सिग्नल देऊन मशीनचा वेग वरखाली करून बघायचा आहे, जनरेटर लावू का? मालक, लावू नका. ४१५ व्होल्टच्या थ्री-फेज ड्राइव्हमध्ये आत सुमारे ५८५ व्होल्ट डीसी असतो, आणि मेन्स बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तो काही मिनिटं टिकतो. अ‍ॅनालॉग टर्मिनलचं ग्राउंड प्रत्येक ड्राइव्हमध्ये सारखं अलग केलेलं नसतं. मध्ये सिग्नल आयसोलेटर (दोन्ही बाजू विजेनं अलग ठेवून सिग्नल पोचवणारं यंत्र) लागतो, आणि तो निवडणं, बसवणं ड्राइव्हच्या सर्व्हिस इंजिनिअरचं काम. त्याला फोन करताना ड्राइव्हचं मॉडेल, अ‍ॅनालॉग इनपुट व्होल्टेजवर आहे की ४ ते २० मिलिअँपिअरवर, सिग्नलची वायर किती लांब आहे आणि पॅनलची अर्थिंग शेवटची कधी मोजली, एवढं हाताशी ठेवा. पहिल्याच फोनला तो हे विचारतो.